उंदरांनी खाल्लेल्या पणत्या

उंदीर जेवला की तोंड धुतो. आधी पुढचे दोन पाय चाटतो, मग ते मिशांवरून फिरवतो, मग कानांमागून. ते झालं की अंगाचं मुटकुळं करून झोपतो. जेवण, तोंड धुणं, झोप. हा क्रम मी इतक्या वेळा पाहिला आहे की डोळे मिटले तरी दिसतो, कारण उंदरांना जेवू घालणं आणि ते किती जेवले याचं वजन करणं, हेच माझं काम होतं.

दिवाळी अंकात निवृत्त माणसं आपल्या नोकरीचं लिहितात. नर्स लिहिते, पोस्टमन लिहितो, जेलर लिहितो. उंदरांना जेवू घालणारी बाई मला अजून कुठे वाचायला मिळाली नाही. माझं शिक्षण चौथीपर्यंत, आणि विहारात वंदना म्हणतानासुद्धा माझा आवाज शेजारणीला ऐकू जात नाही. तेव्हा छापायला देणं वगैरे माझ्याने होणार नाही. पण एक गोष्ट घडली तशी लिहून ठेवायची आहे, म्हणून ही वही.

मीरा रोडला औषधाच्या एका कंपनीची लहानशी प्रयोगशाळा होती. मी पेणकरपाड्याला राहायचे, मिठागराच्या कडेने चालत वीस मिनिटांत पोचायचे. एकोणीसशे नव्वदच्या आगेमागेची ही गोष्ट. प्रयोगशाळेच्या मागच्या अंगाला उंदरांची खोली, तिला सगळे अ‍ॅनिमल हाऊस म्हणत. आम्ही दोघी तिथे कामाला होतो, मी आणि उत्तनची मार्था. मार्था पिंजरे धुवायची, भुसा बदलायची. मी खाद्य आणि वजनं बघायचे. आमच्यावर देवस्थळी मॅडम. त्या डॉक्टर होत्या, पण माणसांच्या नव्हेत, औषधांच्या. दादरचं घर सोडून मीरा रोडला फ्लॅट घेतलेला, नवरा बँकेत.

बाहेरच्या माणसाला आधी एक सांगायला हवं. उंदीर अंधारात जेवतो. आमची ड्यूटी दिवसाची. मग मॅडमनी उंदरांचा दिवस उलटा केला होता. खिडक्यांना काळा कागद लावून आम्ही कामावर असताना खोलीत अंधार ठेवायचा, आणि आम्ही घरी गेलो की दिवे आपोआप लागायचे. अंधारात आम्हाला दिसावं म्हणून एक लाल बल्ब. लाल उजेड उंदराला दिसत नाही म्हणतात. आम्ही दिवसभर त्या लाल उजेडात वावरायचो. मार्था म्हणायची, "सुमन, आपुन बी उंदीरच हाव. फक्त पगार मिलतो."

दुसरी गोष्ट भुकेची. भूक पोटात असते असंच मला वाटायचं. मॅडमनी सांगितलं, पोट नुसतं निरोप पाठवतं, निर्णय डोक्यात होतो. मेंदूच्या तळाशी एक एवढीशी जागा आहे. तिथे काही रसायनं 'जेव' म्हणतात आणि काही 'पुरे' म्हणतात. मी माझ्या मनाशी ते पंगतीसारखं मांडलं. एक वाढपी आग्रह करतो, घ्या, अजून एक घ्या. आणि दुसरा आपला हात असतो, पानावर आडवा धरलेला. आग्रह करणाऱ्याचं नाव लांबलचक होतं, शेवटी वाय होतं. मी त्याला वायच म्हणायचे. हात आडवा धरणाऱ्यांपैकी एकाचं नाव सेरोटोनिन.

वायचा खेळ मी डोळ्यांनी पाहिला. मॅडमनी काही उंदरांच्या डोक्यावर ऑपरेशन करून बारीक नळी बसवली होती. पोटभर जेवून, तोंड धुऊन झोपलेला उंदीर उचलायचा, नळीतून वायचा थेंबभर डोस द्यायचा आणि परत ठेवायचा. थोड्या वेळात तो उठायचा आणि उपाशी असल्यासारखा वाटीवर तुटून पडायचा. पोट टम्म, तरी खातोय.

मार्था बघत राहिली. "माझ्या दिराची जात हाय ही. लग्नात दोन पंगतींना बसतो, आन तिसरीला बघत उभा र्‍हातो."

"त्याच्या डोक्यात जास्त वाय असेल," मी म्हणाले.

"डोक्यात काय बी न्हाय त्याच्या. मना ठावं हाय."

तो प्रयोग संपला आणि कंपनीने मॅडमना दुसरं काम दिलं. एक नवं औषध आलं होतं. ते डोक्यातलं सेरोटोनिन वाढवतं आणि त्याने भूक आपोआप कमी होते, असं म्हणणं होतं. लठ्ठ माणसांसाठी ते चाललं तर कंपनीचं नशीब उघडणार होतं. आधी उंदरांवर बघायचं. अर्ध्या पिंजर्‍यांना रोज बाटली 'अ'ची सुई, अर्ध्यांना बाटली 'ब'ची. एकात औषध, दुसर्‍यात मिठाचं पाणी. कशात काय ते फक्त मॅडमना माहीत. आम्हाला मुद्दाम सांगायचं नाही, म्हणजे आमचा हात वजनाच्या वेळी खोटं बोलणार नाही.

आता माझी चूक सांगते. खाद्याच्या गोळ्यांचे तुकडे सांडून हिशोब चुकायचा, म्हणून आम्ही गोळ्या दळून पीठ करून वाटीत द्यायचो. पण स्टीलची वाटी हलकी. उंदीर तिच्यावर पाय ठेवायचे आणि वाटी पालथी. पीठ भुशात, वजन गेलं. मॅडम वैतागायच्या. मी घाबरत घाबरत सुचवलं की मातीची मोठी पणती ठेवू या, बूड जड असतं, कलंडत नाही. दिवाळी नुकतीच झालेली. केबिन रोडला एका कुंभाराच्या बाईकडे उरलेल्या पणत्या टोपलीभर पडल्या होत्या. त्या आणल्या. एकही कलंडली नाही. मॅडमनी सगळ्यांसमोर म्हटलं, "हे सुमनबाईंचं डोकं." घरी जाऊन मी ते नवर्‍याला दोनदा सांगितलं.

वजन असं करायचे. पीठ भरलेली पणती काट्यावर ठेवायची, आकडा लिहायचा, पिंजर्‍यात ठेवायची. संध्याकाळी तीच पणती परत काट्यावर. खाली कागदावर सांडलेलं पीठ असेल तर ते मिळवायचं. जे कमी भरलं ते उंदराने खाल्लं. रजिस्टरमध्ये माझ्या अक्षरात चार महिने हे आकडे आहेत.

बाटली 'ब'चे उंदीर कमी खात होते. 'अ'च्या मानाने साधारण अर्ध्यावर. औषध कशात आहे ते आता कुणालाही कळलं असतं. कंपनीचे मॅनेजर शहासाहेब दर आठवड्याला यायचे, रजिस्टर उघडायचे आणि खूश होऊन जायचे. पुढची पायरी माणसांची होती. मोठ्या ऑफिसमधून माणसं येऊन कागद बघणार, मग एका दवाखान्यात लठ्ठ माणसांना औषध देऊन बघणार.

माझ्या मनात मात्र एक खडा होता. 'ब'चे उंदीर तोंड धूत नव्हते. थोडं खायचे, थांबायचे आणि पोट जमिनीला टेकून पसरायचे. मुटकुळं नाही, झोप नाही, डोळे अर्धे उघडे. पोट भरलेला उंदीर असा बसत नाही. पण रजिस्टरमध्ये बसण्याला रकाना नव्हता. रकाना होता फक्त वजनाला.

एक दिवस मार्था आली नाही. तिच्या घरी बोंबील वाळत घालायची घाई होती. पिंजर्‍यांखालचे ट्रे मी धुवायला मागच्या नळावर नेले. बाहेर लख्ख ऊन. पहिला ट्रे ठेवला आणि बघते तर लेंड्या विटकरी रंगाच्या. रक्त असेल म्हणून घाबरले. पाणी टाकलं, बोटाने चुरडून बघितली. रक्त नव्हतं, माती होती. ट्रेवरचं अक्षर बघितलं, ब. पुढचा अ, लेंड्या नेहमीसारख्या काळपट. पुढचा ब, विटकरी. आत लाल बल्बखाली लाल काही दिसत नव्हतं. चार महिने कुणालाच दिसलं नव्हतं. मार्था ट्रे पाण्याच्या जोरावर धुवायची, तिला कोण लेंड्या बघायला सांगणार.

मी आत जाऊन पणत्या आणल्या आणि उन्हात ओळीने कठड्यावर मांडल्या. 'अ'च्या पणत्यांना कडेला दातांच्या खुणा होत्या. उंदीर दात झिजवायला काहीही कुरतडतो, ते चालायचंच. 'ब'च्या पणत्यांची कड जागोजाग खाऊन संपली होती, पण रोज थोडी थोडी, म्हणून हाताला कळलं नव्हतं.

दोन गोष्टी एकदम कळल्या होत्या. एक, उंदराने खाल्लेली माती मी पीठ म्हणून लिहीत होते. म्हणजे ते अर्धंही जेवत नव्हते. दुसरी गोष्ट मला माझ्या अंगाने माहीत होती. धाकट्याच्या वेळी मला दिवस गेले तेव्हा तीन महिने पोटात पाणी ठरलं नाही. भाताचा वास आला की उमळून यायचं. तेव्हा मी चुलीची भाजकी माती खाल्ली, चोरून, मूठमूठ. ती खाल्ली की जरा बरं वाटायचं. माझ्या आईनेही खाल्ली होती. भूक मेल्यावर माणूस माती खात नाही. मळमळल्यावर खातो.

सांगायला मॅडमच्या केबिनमध्ये गेले. शहासाहेब बसले होते, चहा चालला होता.

"काय सुमनबाई?"

"साबण संपलाय, मॅडम."

बाहेर आले. साबणाच्या चार वड्या कपाटात होत्या.

त्या दिवशी घरी स्वयंपाक करताना मी ठरवलं की नुसतं सांगून उपयोग नाही. माझं ऐकायला मी कोण? उंदीर कुरतडतोच, असं मॅडम म्हणतील आणि ते खरंच आहे. मला दाखवता आलं पाहिजे. दुसर्‍या दिवसापासून मी पणती भरण्याआधी रिकामी तोलू लागले, आणि संध्याकाळी पीठ झटकून पुन्हा रिकामी. कुरतडून टाकलेली माती ट्रेमध्ये भुकटी होऊन पडते. ती बारीक चाळणीने चाळून तोलली. 'अ'च्या पणत्या जेवढ्या झिजल्या तेवढी भुकटी खाली मिळाली. 'ब'च्या झिजल्या त्याच्या निम्मीसुद्धा मिळाली नाही. उरलेली उंदरांच्या पोटात. आठवडाभर केलं. कागद पोलक्यात ठेवायचे.

मार्थाला सांगितलं. तिने एक लेंडी उन्हात धरून बघितली. म्हणाली, "आता काय करतंस?"

"सांगते मॅडमना."

"पणत्या तूच आणल्यास. तुनाच काढतील."

"काढतील तर काढतील."

"मोठी शूर. तुना दुकानात सुट्टे मागाया लाज वाटते." मग थोड्या वेळाने ती म्हणाली, "मी मॅडमना नळावर घेऊन येते. केबिनमध्ये तू परत साबण मागशील."

तिने काय सांगितलं कोण जाणे, मॅडम चष्मा पुसत बाहेर आल्या. उन्हात डोळे बारीक करून त्यांनी पणत्यांची ओळ बघितली, ट्रे बघितले. मी कागद पुढे केले. तोंडातून एवढंच निघालं, "'ब'चे माती खातात मॅडम. मी पीठ लिहिलंय. माझं चुकलं."

त्यांनी कागद वाचले. चेहरा लाल झाला. "हे आत्ता सांगताय? गुरुवारी माणसं येणार आहेत."

"आत्ताच दिसलं."

"उंदीर कुरतडतात, सुमनबाई. त्यांचे दात वाढतात म्हणून."

"कुरतडलेली चाळून तोललीय. दुसर्‍या कागदावर आहे."

त्यांनी दुसरा कागद बघितला. मग म्हणाल्या, "वजनं करणं तुमचं काम आहे. त्याचा अर्थ लावणं माझं."

एरवी मी तिथून निघून गेले असते. पाय वळलेही होते. पण आत ते उंदीर पोट टेकून पसरले होते, आणि उद्या तसंच कुणी बाई-माणूस घरी पसरेल, नि लोक म्हणतील, बघा कशी कमी जेवते. मी म्हणाले, "मॅडम, तुम्हाला दिवस गेले होते तेव्हा मळमळायचं?"

"मला मूल नाही, सुमनबाई."

मला हे माहीत नव्हतं. मार्था नळ बंद करून उगाच बादली सरकवत होती. मान खाली घालून मी बोलत राहिले, थांबले असते तर परत सुरू झाले नसते. धाकट्याच्या वेळचं सगळं सांगितलं. उमळून येणं, चुलीची माती, आईची माती. "हे पोट भरलेले नाहीत. जेवून तोंड धूत नाहीत. यांना मळमळतंय. फक्त, मला ओकारी तरी व्हायची, हे ओकत नाहीत. ते का, तेवढं मला कळलं नाही."

मॅडम एकदम माझ्याकडे बघायला लागल्या. मग कठड्यावरची एक पणती उचलून तिच्या खाल्लेल्या कडेवर अंगठा फिरवत राहिल्या.

"उंदराला ओकता येत नाही," त्या म्हणाल्या. "त्याच्या शरीरात ती सोयच नाही." आणि थोड्या वेळाने, स्वतःशी बोलल्यासारखं, "म्हणून तो माती खातो. हे मी शिकले होते. कुठेतरी वाचलं होतं मी हे."

माझ्याकडे एक अर्धी गोष्ट होती, त्यांच्याकडे दुसरी. चार महिने आम्ही एका खोलीत वावरत होतो.

मॅडमनी गुरुवार पुढे ढकलला. शहासाहेबांचा आवाज केबिनच्या बाहेर येत होता. पणत्या काढल्या. जड बुडाच्या काचेच्या वाट्या आणल्या, त्यात पीठ. आणि प्रत्येक पिंजर्‍यात वेगळा एक मातीचा खडा, तोललेला. मॅडमनी बाटल्यांवरची नावंही बदलली, म्हणजे मलाच काय, मार्थालाही कळू नये. रजिस्टरमध्ये मी पट्टीने एक नवा रकाना आखला आणि वर लिहिलं, माती.

पंधरा दिवसांत चित्र स्वच्छ झालं. ज्यांनी पीठ टाकलं त्यांनीच माती खाल्ली.

शहासाहेब आले, रजिस्टर बघितलं. माझ्याशी ते कधी बोलायचे नाहीत, त्या दिवशी गोड बोलले. "सुमनबेन, नया रजिस्टर बनाओ. काचवाली वाटी का वजन लिखो, बस. मिट्टी का कॉलम क्यों चाहिए? खाना कम हुआ, वो तो सच है ना?"

सच होतं. त्यात एकही आकडा खोटा लिहावा लागला नसता. मॅडम खिडकीपाशी उभ्या होत्या. त्यांची नोकरी, त्यांचं नाव त्या औषधावर होतं. त्या नको म्हणाल्या नाहीत आणि होही म्हणाल्या नाहीत. त्याबद्दल मी त्यांना पुढे कधी विचारलं नाही.

मी म्हणाले, "जो तोला, वो लिखा साहेब. दुसरा नहीं लिखूंगी."

"आपको कौन बोला तोलने को?"

"मेरा काम वही है."

ते हसले. मॅडमकडे वळून इंग्रजीत काही म्हणाले. मॅडमनी मराठीतच उत्तर दिलं, "रजिस्टर आहे तेच राहील."

त्या औषधाचं काय झालं ते इथेच सांगून टाकते. ते माणसांपर्यंत गेलं नाही. मॅडम वर्षभराने दुसरीकडे गेल्या. स्वतःहून गेल्या की जावं लागलं, मला माहीत नाही. मी तिथेच राहिले, आणखी बरीच वर्षं. मला रुखरुख आहे ती उंदरांची. तोंड धूत नाहीत हे मला पहिल्या महिन्यातच दिसलं होतं. रकाना नाही म्हणून मी ते मनातच ठेवलं. तेव्हा बोलले असते तर तीन महिने त्यांना ती सुई टोचावी लागली नसती. मार्था म्हणते उंदराची कसली रुखरुख. पण हातावर घेतलेल्या जनावराचं वजन आकड्याहून वेगळं लागतं, ते तिलाही माहीत आहे.

आता राहिला तो दिवस. मोठ्या ऑफिसमधून तीन माणसं आली. बूट काढून कापडी खोळी चढवल्या आणि लाल उजेडात आली. मी काट्याजवळ भिंतीला चिकटून उभी. मॅडम मेंदूबद्दल, सेरोटोनिनबद्दल इंग्रजीत सांगत होत्या. त्यांच्यातले वयस्क गृहस्थ रजिस्टर चाळत होते. एका पानावर त्यांचं बोट थांबलं.

"ये क्या लिखा है?"

शहासाहेब पुढे झाले. "सर, वो लोकल स्टाफ का कुछ है."

"मैं पढ़ नहीं पा रहा, इसलिए पूछ रहा हूं. किसने लिखा?"

मॅडमनी माझ्याकडे बघितलं. त्या सांगू शकल्या असत्या, त्यांना सगळं माहीत होतं, माझ्यापेक्षा शंभर पटीने चांगलं सांगता आलं असतं. त्या बाजूला सरकल्या. माझ्या आणि त्या माणसांच्या मध्ये कुणी उरलं नाही.

"मैंने लिखा," मी म्हणाले.

"जोर से बोलिए."

"मैंने लिखा, साहेब. माती लिखा है. मिट्टी."

"मिट्टी किसलिए?"

मी हात पदरात गुंडाळले. मग सोडवले, कारण दाखवायचं होतं. जास्त माती लिहिलेल्यांपैकी पहिल्या पिंजर्‍याचं दार उघडून मी उंदीर उचलला, तळहातावर घेतला. तो पोट टेकून पसरला, डोळे अर्धे उघडे. त्यांच्यातला एक जण जरा मागे सरकला. वयस्क गृहस्थ वाकले.

"ये देखो," मी म्हणाले. "अभी खाना खाया है इसने. खाने के बाद मुंह धोना चाहिए. देखते रहो, धोता है क्या."

आणि आम्ही सगळे उभे राहून बघत राहिलो.